महालक्ष्म्या यायच्या दिवशी

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजत घालून द्वारका भोपळा चिरायला बसली, आणि तेव्हा तिला कळलं की आपल्याला आवंढा गिळवत नाहीये. सकाळपासून घसा धरल्यासारखा वाटत होताच. काल दुपारभर मंडईत फिरून तिने सोळा भाज्या गोळा केल्या होत्या. धूळ गेली असेल घशात, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. पण आता विळीवर वाकल्याबरोबर पाठीतून एक कळ गेली आणि मागोमाग खोकला आला. तिने पदर तोंडावर गच्च दाबून धरला. पलीकडच्या खोलीत सासू मुखवटे पुसत बसली होती. तिला ऐकू जायला नको होतं.

ते दोन हजार नऊ साल होतं, आणि त्या भाद्रपदात पुण्यात कुणी खोकलं की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसत होता.

स्वाइन फ्लू हे नाव महिन्याभरापूर्वी कुणाला माहीत नव्हतं, आता ते पोराटोरांच्या तोंडी होतं. शाळा बंद झाल्या, थिएटरं बंद झाली. औषधाच्या दुकानात मास्क मिळेनात, तेव्हा लोक हातरुमाल बांधून फिरू लागले. बायकांनी मुलांच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या अडकवल्या. गणपती बसले खरे, पण मंडपापुढे पूर्वीसारखी झुंबड नव्हती. पेपर उघडला की आधी आजचा आकडा. आणि रोज एक सूचना ठरलेली: लहान मुलांनी, म्हाताऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी विशेष जपावं.

द्वारका गावंडे मूळची कारंज्याकडची. नवऱ्याला, ज्ञानदेवला, हडपसरच्या एका कारखान्यात काम लागलं तेव्हा ती पुण्याला आली आणि बिबवेवाडीत सोजरबाईंच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहू लागली. मुलगी अपेक्षा इथेच जन्मली. पहिली काही वर्षं द्वारकाला शहराशी बोलताच येत नव्हतं. तिने ‘का’च्या जागी ‘काहून’ म्हटलं की दुकानदार हसायचे. मग आयटीत नोकरीला लागलेली विदर्भाकडची मुलंमुली आजूबाजूच्या पीजींमध्ये दिसायला लागली, आणि त्यांना इथली गोडसर आमटी घशाखाली उतरेना. त्यातल्या एकीला द्वारकाने तिखट वरण आणि झुणका खाऊ घातला, आणि तिथून तिचे डबे सुरू झाले. दिवसभर संगणकापुढे इंग्रजीत बोलणारी ती पोरं संध्याकाळी डबा न्यायला आली की दारातूनच विचारायची, “काकू, आज काय करून राहिल्या?”

सासरे वारले, सासू सरुबाईंचे गुडघे गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर गावच्या महालक्ष्म्याही पुण्याला आल्या. दोन पितळी मुखवटे फडक्यात गुंडाळून सरुबाईंनी रात्रभर एसटीत मांडीवर धरून आणले होते. तेव्हापासून दर वर्षी भाद्रपदात पहिल्या दिवशी आवाहन आणि दुसऱ्या दिवशी जेवण. डब्याची सगळी मुलं त्या जेवणाला यायची, कारण त्यांना गावी जायला रजा मिळायची नाही. पुरणपोळी, सोळा भाज्यांची भाजी, ज्वारीची आंबील, कढी, वडे. जिन्यापर्यंत पंगत बसायची.

यंदाही सगळ्यांना सांगून झालं होतं. महालक्ष्म्यांपुढे टांगायचा फुलोरा, म्हणजे करंज्या, वेण्या, पापड्या, तिने परवाच तळून ठेवला होता. आज घर पुसायचं, पुरण वाटायचं, स्टँड उभे करून साड्या नेसवायच्या आणि संध्याकाळी दारापासून पावलं काढून लक्ष्म्या आत आणायच्या.

डाळीखालचा गॅस तिने बारीक केला, तेवढ्यात फोन वाजला. पीजीतली वाशीमची मुलगी होती.

“काकू, उद्या आम्ही नाही येत. माझ्या रूममेटला काल रात्री अ‍ॅडमिट केलं. स्वाब पॉझिटिव्ह आला. आम्हा सगळ्यांना बाहेर पडू नका म्हणालेत.” मग अगदी हळू म्हणाली, “काकू, डबे तुम्हीच घासता ना?”

द्वारकाने फोन ठेवला. स्टीलचे डबे मोरीच्या कडेला उलटे वाळत पडले होते. तिने ते रोज घासले होते. कुणाचं उष्टं काय, कुणी कशात खोकलंय, कोण बघतं? ती डब्यांकडे बघत उभी राहिली. चुलतसासऱ्यांच्या शेतात एकदा तिने सापावर पाय दिला होता, तेव्हा ती अशीच जागच्या जागी उभी राहिली होती. पण तो साप दिसला होता तरी.

तिने कपाटातलं थर्मामीटर काढलं, मोरीत जाऊन दार लावून घेतलं. पारा एकशे एकच्या पुढे सरकला.

त्यानंतर जे काही तिने केलं ते कुणीही केलं असतं. एक तापाची गोळी घेतली, तोंडावर पाणी मारलं, आणि बाहेर येऊन डाळ उपसली. आपल्याला काही झालेलं नाही. दमलोय आपण. उद्याचा दिवस निभावला की परवा झोपून काढू. गोळीने घाम आला आणि ताप जरा उतरल्यासारखा झाला, तेव्हा तिला इतकं हायसं वाटलं की ती पुरणयंत्र फिरवता फिरवता आरतीही गुणगुणू लागली. अपेक्षा पाठीमागून येऊन गळ्यात पडायला लागली, तशी द्वारका जोरात ओरडली, “लांब हो!”

पोरगी दचकून भिंतीला टेकली. रोज रात्री ती आईच्या कुशीत झोपायची. कालही झोपली होती.

पुन्हा फोन वाजला. या खेपेला दीपमाला. दीपमाला ही ज्ञानदेवची धाकटी बहीण, वाकडला राहायची, ती आणि तिचा नवरा अभिनव दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि आता सातवा महिना होता.

“वहिनी, मी निघाले हं. कॅब केलीय. अभिनव रात्री येईल. आईला सांग, साडी मी नेसवणार, तुझ्या निऱ्या वाकड्या येतात. आणि पुरण झालं का? बाळ सकाळपासून पुरणपोळी पुरणपोळी करतंय नुसतं!”

द्वारका “हो, हो” म्हणत राहिली. फोन बंद झाला. वाकडहून यायला कितीसा वेळ लागतो? ती कॅब या क्षणी रस्त्यावर होती. ती दारात येणार, सवयीप्रमाणे गळ्यात पडणार, परातीतलं पुरण बोटाने चाटणार.

द्वारका सासूच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली आणि आत पाऊल न टाकता, पदर नाकावर धरून म्हणाली, “आत्याबाई, मले ताप हाये.”

सरुबाईंनी मान वर केली. चिंचेने घासलेला ज्येष्ठेचा, थोरल्या लक्ष्मीचा, मुखवटा त्यांच्या मांडीवर चकाकत होता.

“असू दे. काम पडलं म्हून आला असन. काढा घे.”

“तसला ताप नाई. पीजीतल्या पोरीले झाला, तिचे डबे मी घासून राहिली होती. घसा धरला, खोकला हाये. आत्याबाई, उद्याचं जेवण होत नाई. सगळ्याइले नाई सांगा लागते.”

“काय बोलून राहिली तू?” सरुबाई एकदम उठू पाहत होत्या, गुडघ्याने दगा दिला, त्या परत बसल्या. “आज लक्ष्म्या यायच्या हायेत. येणाऱ्या लक्ष्मीले दार लावतं काय कोनी? कोनाले काही सांगू नको. एक दिवस काढ. फक्त एक दिवस.”

“अन् कोनाले झालं तं?”

“काही होत नाई. तीच पाहून घेते सगळं.” सरुबाईंचा आवाज चिरका झाला. “तुले ठाऊक नाई द्वारके. एका साली तुह्या सासऱ्यानं म्हटलं, औंदा राहू दे. मी ऐकलं. मुखवट्याइची पेटी उघडली नाई. त्याच साली माही पोर मैना गेली. असाच ताप आला होता. सकाळी अंगनात खेळून राहिली होती अन्…”

मैनेचं नाव द्वारकाने घरात एक-दोनदाच ऐकलं होतं, तेही दुसऱ्यांकडून. सासूचा हट्ट देवीच्या मानापानासाठी असतो, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. आज पहिल्यांदा तिला दिसलं, की दर वर्षी मुखवटे पुसताना ही बाई भीत होती. आणि ते दिसल्यावर तिची स्वतःची भीती दुप्पट झाली. खंड पडला आणि उद्या अपेक्षाला काही झालं तर? आपण जेवण बंद केलं म्हणून झालं, की आपण जवळ घेऊन झोपलो म्हणून? कुठल्याही बाजूला गेलं तरी पुढे तेच उभं होतं.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “दीपमाला निघाली हाये. रस्त्यात हाये ते.”

सरुबाईंनी मांडीवरचा मुखवटा दोन्ही हातांनी धरला.

“पेपरात रोज येऊन राहिलं, पोटुशा बायाइले लई जपा म्हून. मी तिच्यासमोर जाऊ? सांगा तुमी. तुमी म्हनसान तसं करतो.”

म्हातारीने मुखवटा उचलून पाटावर ठेवला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “मले बी भेव वाटून राहिलं वं.” आणि थोड्या वेळाने, “तू वर जाय. तिच्या नजरेले पडू नको.”

वर म्हणजे कुठे? द्वारका जिन्यात आली आणि तिथेच थबकली, कारण खालून घरमालकीण सोजरबाई कठड्याला धरत वर येत होत्या. बिबवेवाडीत शेतं होती तेव्हापासूनचं त्यांचं घर. ही इमारत त्यांच्या सासऱ्यांच्या वांग्याच्या वावरात उभी होती. बाई विधवा, एकट्या, आणि बोलायला फटकळ.

“काय गं, मघाधरनं खोकतीयास. जिन्यात आवाज येतुया,” त्या म्हणाल्या.

“मावशी, जवळ येऊ नका,” म्हणून द्वारकाने एका दमात सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता ती रडायला लागली. आता ही बाई खोली सोडा म्हणेल, अशी तिची खात्री होती. दोन गल्ल्या पलीकडे एका कुटुंबाला तसं सांगितलेलं तिने ऐकलं होतं.

सोजरबाई तीन पायऱ्या खाली गेल्या. तिथून, पदर नाकाला लावून म्हणाल्या, “रडून काय ताप उतरतुया व्हय? गच्चीवरची खोली मोकळीच हाय. जा तिथं. पुण्यात पिलेग आलता तवा सगळं पुणं आमच्या रानात झोपड्या घालून ऱ्हायलंतं, माझी आजेसासू सांगायची. आमी कुणाला हाकललं न्हाई. तुला काय हाकलनार?”

गच्चीवरच्या खोलीत जुनी खाट होती आणि सोजरबाईंच्या नातवंडांची मोडकी सायकल. वर येण्याआधी तिने दीपमालाला दोनदा फोन लावला होता, तो लागला नव्हता. द्वारका खाटेवर बसते न बसते तोच खाली गाडीचा दरवाजा वाजला. ती धावत कठड्याशी गेली. दीपमाला हातात गजऱ्यांची पुडी घेऊन, पोट सांभाळत फाटकातून आत येत होती.

“दीपमाला! आत येऊ नको!”

दीपमालाने वर बघितलं आणि हसली. “काय गं वहिनी, गच्चीवर काय करतेयस? पापड?”

“आत येऊ नको म्हणते ना! मागे फिर! मला ताप आहे. तो ताप आहे. गाडी जाऊ देऊ नकोस, त्याच गाडीत बस आणि घरी जा!”

शेजारच्या इमारतीच्या दोन खिडक्या उघडल्या. द्वारकाला ते दिसलं. आता सगळ्या गल्लीला कळलं होतं, आणि तरी ती ओरडतच राहिली. दीपमालाचं हसू हळूहळू गेलं. तिचा एक हात आपोआप पोटावर आला. तिने फाटकाच्या खांबावर गजऱ्यांची पुडी ठेवली, एकदा आईच्या खिडकीकडे बघितलं. तिथे सरुबाई गज धरून उभ्या होत्या, आणि हाताने तिला जा, जा म्हणत होत्या. गाडी वळली. शेजारच्या खिडक्या धाडकन बंद झाल्या.

ज्ञानदेव कारखान्यातून अर्ध्या पाळीत निघून आला. रिक्षावाले द्वारकाला खोकताना बघून थांबेनात, म्हणून तो तिला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून पालिकेच्या तपासणी केंद्रावर घेऊन गेला. तिथली रांग फाटकाबाहेर गेली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पुढच्या बाईच्या कडेवरचं मूल सारखं खोकत होतं आणि ती बाई प्रत्येक खोकल्याला रांगेतल्या लोकांकडे माफी मागितल्यासारखं बघत होती. आत नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली माणसं होती, फक्त डोळे दिसत होते. त्यातल्या एकाने द्वारकाच्या घशात कापसाची काडी घातली, तेव्हा तिला ओकारी आली आणि भीतीने तिने त्याचा हातच पकडला.

“सोडा ताई,” पोशाखातून बाईचा आवाज आला. थकलेला, पण मऊ. “झालं. श्वास लागला तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं. घरात वेगळं राहा.”

गोळ्या घेऊन ते परतले तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि घरात एक नवाच पेच पडला होता. लक्ष्म्या आत आणायच्या कुणी? मुखवटे घेऊन दारातून यायचा मान सवाष्णीचा. घरातली एक सवाष्ण गच्चीवर, दुसरी वाकडला परत गेलेली, आणि शेजारपाजारच्या बायकांनी आज दारं लावून घेतलेली. उरल्या होत्या दोन विधवा आणि एक दहा वर्षांची पोर.

गच्चीच्या दारात बसलेल्या द्वारकाला जिन्यातून सगळं ऐकू येत होतं.

“मी हात नाई लावत सोजरबाई,” सासू म्हणत होती. “पुसायचं येगळं अन् आनायचं येगळं. बाधतं ते.”

“बरं. मग ऱ्हाऊ द्या दोघींना जिन्यात उभं.”

“असं काय बोलता वं?”

“मंग काय बोलू? तिला दिसत न्हाई व्हय घरात कोन हाय नि कोन न्हाई? का तिलाबी सांगायला पायजे?” सोजरबाईंचा आवाज खाली आला. “धा वर्सं झाली, मला कुणी हळदीकुकवाला बोलीवलं न्हाई. मलाबी भ्याच वाटतंय हात लावाय. पर आता दुसरं हाय का कोन?”

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. द्वारका अंगातल्या हुडहुडीने दात आवळून बसली होती. तिला वाटलं, संपलं, पडला खंड. तेवढ्यात खाली ताटलीवर चमचा वाजायला लागला. अपेक्षाचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक: “लक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?” आणि दोन म्हाताऱ्या बायकांचे आवाज, एक वऱ्हाडी, एक इथल्या मातीतला, पुढे-मागे होत म्हणाले, “सोन्याच्या पावलांनी आली.”

द्वारकाने भिंतीला डोकं टेकलं. तिची भीती गेली वगैरे नाही. खालची पोर त्या दोन म्हाताऱ्यांना हात लावते आहे, आणि त्या पोरीला आपण काल जवळ घेतलं होतं, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी पंगत झाली नाही. ज्ञानदेवने प्रत्येकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. द्वारकाच्या हातचं पुरण त्याने मागच्या अंगणात खड्डा करून पुरलं. सरुबाईंनी खुर्चीवर बसून आंबील आणि भात केला, सोळा भाज्यांतल्या चार तेवढ्या घातल्या, आणि तोच नैवेद्य दाखवला.

अहवाल आला तो पॉझिटिव्ह. त्याच रात्री द्वारकाला श्वास लागला आणि तिला दवाखान्यात हलवलं. तिथे आठवडाभर ती काचेच्या दाराआड होती. शेजारच्या खाटेवरची तरुण बाई एका सकाळी तिथे नव्हती, आणि चादर बदललेली होती. द्वारकाने कुणाला विचारलं नाही. पंख्याकडे बघत ती एकेक श्वास घ्यायची आणि पुढचा येईल ना, म्हणून वाट बघायची.

तो येत राहिला. अपेक्षाला, ज्ञानदेवला आणि सरुबाईंना सुरुवातीलाच गोळ्या दिल्या होत्या, त्यांना काही झालं नाही. सोजरबाईंना दोन दिवस सर्दी झाली, तेवढ्यात त्यांनी साऱ्या घराला शिव्या देऊन घेतल्या. दीपमालाला दिवाळीनंतर मुलगा झाला. डॉक्टरांनी नंतर तिला सांगितलं, की त्या दिवसांत तुम्ही घरात राहिलात ते बरं केलंत. त्यावर ती म्हणाली, “मी कुठली राहतेय? मला फाटकातून हाकलून दिलं होतं.”

द्वारका घरी आली तेव्हा ज्ञानदेवला तिला जिना चढवताना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं. शेजारच्या इमारतीतल्या बायका काही महिने तिच्याशी लांबूनच बोलल्या. डब्याची निम्मी मुलं परत आलीच नाहीत. तिने त्यांचा राग धरला नाही. जी आली, त्यांच्यासाठी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने आजारपणानंतर पहिल्यांदा कणीक मळायला घेतली. हातात जोर नव्हता. सरुबाई खुर्ची ओढत ओट्याशी आल्या आणि म्हणाल्या, “सरक तिकडं. मी मळतो. तू लाट.”